हात ठेव

अब्बा, तो पिक्चर सापडला.

तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी सापडला आणि तोही मी शोधत नसताना. इथं आखातात, रुवीत आमच्याकडं शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी लेक टीव्हीवर इंटरनेटवरचं काहीबाही लावून बसते. तिला परीकथा लागतात, मराठी सोडून कुठल्याही भाषेतल्या चालतात. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. बाहेरून ठक् असा आवाज आला, लाकडात लोखंड बसल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. तशीच खवल्यांच्या हातांनी बाहेर आले, तर पडद्यावर तुमची पाठ. अंगात जाड लोकरीचा कोट, डोक्यावर कानटोपी, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, जन्मभर एकाच बाजूनं लाकूड वाहिल्यामुळं. तुमच्यासमोर ओंडक्यापाशी गुडघ्यावर बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी म्हणजे मी. लेक सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, ही इज गोइंग टु कट हर हॅन्ड." मी म्हटलं, "माहीत आहे मला." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शेवट सांगून तिची मजाच घालवली.

गावाकडं रत्नागिरीला, इकडं सूरच्या गोदीत, इब्रीत मामूंच्या दुकानात, सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक आहे. जर्मन लोकांच्या शूटिंगमध्ये कुऱ्हाडीचा दांडा निसटला आणि तुमच्या डाव्या हाताचा अंगठा गेला. तुम्हीच तसं सांगितलंत आणि शेवटपर्यंत तेच सांगत राहिलात. मला विचारायचं होतं की त्या क्षणी तुम्हाला काय दिसलं होतं. ते आता राहिलंच. पण माझ्या बाजूचं सांगायचंही राहिलंय, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

सुरुवात मारापासून करावी लागेल. तुम्ही असतात तर नेमका हाच भाग गाळायला लावला असतात. सूरला, तुम्ही गलबतं बांधायचात त्या गोदीच्या मागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्या होत्या, तळमजल्यावर. स्वयंपाकघरात करड्या दगडाचा ओटा. तुम्ही गोदीतून यायचात ते कानात भुसा घेऊन. आंघोळ, नमाज, चहा, आणि मग माझी मराठीची वही. शाळेत दिवसभर मी मुलींशी इंग्रजीत बोलायचे, रस्त्यात हिंदीत, आणि मराठी आपल्या त्या दोन खोल्यांपुरती होती. तुम्ही स्वतः चौथी शिकलेले. रत्नागिरीहून आणलेलं एक जुनं पाठ्यपुस्तक होतं, त्यातलं रोज एक पान मी लिहायचं आणि तुम्ही बोट फिरवत तपासायचं. चूक सापडली की दोनच शब्द. "हात ठेव."

मी ओट्यावर हात ठेवायची. पहिल्यांदा उजवा ठेवला, तर म्हणालात, "डावा गो. उजव्यानं लिवायचं हाय." पट्टी सागवानाची, तुम्हीच केलेली, दोन फुटांची. तिच्या कडा रंधा मारून गोल केल्या होत्यात, कातडी फाटू नये म्हणून. मारायच्या पट्टीची इतकी निगा राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कातडी खरंच कधी फाटली नाही. हात मात्र टम्म सुजायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मी तो दप्तराखाली धरून बसायची. तुम्ही ओरडत नव्हतात, ते फार वाईट होतं. ओरडणारा माणूस निदान दमतो. तुम्ही खिळा ठोकावा तसे मारायचात, एका जागी, मोजून मापून. अम्मी तिथंच भाकरी थापत असायची. मार सुरू झाला की ती भाकरी जोरात थापायची. तिनं कधी तुमचा हात धरला नाही. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, तो तुमच्यावरच्या रागापेक्षा जुना वाटतो.

एवढं मात्र कबूल करते की आज हे पत्र मराठीत सरळ उतरतंय ते त्या पट्टीमुळं. माझ्या वर्गातल्या सगळ्या मराठी मुली आज आयांना मराठीत नीट एक निरोप लिहू शकत नाहीत. मला लिहिता येतं. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुमच्या नावानं बोटं मोडावीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बोटं मोडण्याचं तर विचारूच नका.

माझं बोट तुम्ही खरंच मोडलंत त्या दिवशी पट्टी नव्हती. मी तुमच्या पेटीतली पटाशी घेऊन पेन्सिलीला टोक काढलं होतं. तुमच्या वडिलांची पटाशी, तिच्या धारेला खाच पडली. तुम्ही धार उजेडात धरून पाहिलीत, बराच वेळ पाहिलीत, आणि पेटीतून पटाशीवर ठोकायची लाकडाची मोगरी काढलीत. "हात ठेव." मी ठेवला. मला कुणी धरलं नव्हतं, दार उघडं होतं, गल्लीत मुलं खेळत होती. मी पळू शकले असते. मी हात ठेवला, बोटं पसरून ठेवला, कारण आखडून ठेवला की तुम्ही पुन्हा नीट ठेवायला सांगायचात. करंगळीचा आवाज झाला तो ओली काडी मोडल्यासारखा. अम्मीची भाकरी तव्यावर करपली, तो वास मला आजही आला की मी गॅस बंद करून बाहेर जाते.

दवाखान्यात डॉक्टरनं तुम्हाला विचारलं, "कैसे हुआ?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "गिर गई. सीढ़ी से." आपल्या घराला पायरीसुद्धा नव्हती. डॉक्टरनं तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि करंगळीला शेजारच्या बोटाशी बांधून टाकलं. परत येताना तुम्ही मला गुलाबी दुधाची बाटली घेऊन दिलीत.  मी ती प्यायले, तळाशी राहिलेलं नळीनं ओढूनसुद्धा प्यायले. करंगळी आत वळून जुळली ती तशीच राहिली.

त्यानंतरच्या थंडीत जर्मन लोक आले. दोन हजार दहानंतरची ती वर्षं, गोदीत लाकडी गलबतं कमी होत चालली होती आणि कॅमेरेवाले जास्त येत होते. पण हे लोक नुसते फोटो काढणारे नव्हते. त्यांच्याबरोबर केरळचा एक माणूस होता, जर्मनीत बरीच वर्षं राहून आलेला, तो तुमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यानं समजावून सांगितलं ते असं. त्यांच्या टीव्हीवर दर नाताळात परीकथांचे तासाभराचे पिक्चर दाखवतात. माहितीतल्या सगळ्या कथा करून झाल्या, त्या पुन्हा पुन्हाही करून झाल्या. आता ते जर्मनांच्या आज्यासुद्धा विसरल्या अशा कथा उकरून काढत होते. त्यातली एक होड्या बांधणाऱ्याची होती, आणि हातानं बांधलेलं गलबत अर्धवट उभं असलेली जागा त्यांना तिकडं कुठं मिळत नव्हती. ते आले त्याच दिवशी एक नवं गलबत पाण्यात लोटायचं होतं. अर्बाबनं, म्हणजे गोदीच्या मालकानं, रीतीप्रमाणं बोकड कापला आणि रक्त गलबताच्या पुढच्या टोकावर, नाळेवर उडवलं. त्यांच्यातली एक बाई तोंड धरून कडेला गेली. डायरेक्टर मात्र इतका खूश झाला की त्यानं अर्बाबला दुसरा बोकड आहे का विचारलं.

त्या संध्याकाळी वही तपासायची राहिली. तुम्ही ओट्याला टेकून अम्मीला कथा सांगत होतात.

"एक होडीवाला असतो. जी होडी बांधील ती बुडते. मग पाण्यातला एक मानूस येतो, हिरवा कोट घालून. म्हनतो, होडीच्या पोटात जिता हात घाल, मग नाय बुडायची."

"सोताचा घातला त्यानं?" अम्मीनं विचारलं.

"सोताचा घातला तर होड्या कोन बांधील? पोरीचा घातला."

अम्मी थापायची थांबली. "ही कथा पोरांना दाखवतात?"

"नाताळात. घरची सगळी बसून बघतात."

"आनी मग?"

"पोर घर सोडून जाते. होडी काय बुडत नाय. पन लाकडाच्या आतून तो हात ठोकत रवतो. ठक ठक, ठक ठक. बापाला झोप नाय. शेवटी होडी आपसूक पोरीकडं जाते आनी हात तिला परत भेटतो."

"लाकडाचा?"

"तुना काय करायचंय? माना काम भेटलंय ते बघ."

काम होतं मुलीचा हात करायचं. डायरेक्टरला रबराचा नको होता. तुम्ही म्हणालात, लाकडाचा करतो, वर रंग द्या, घाव घातला की कसा तुटेल ते बघा. माप कुणाचं घ्यायचं, तर घरात तेरा वर्षांची मुलगी होतीच. तुम्ही चार संध्याकाळी मला ओट्यापाशी बसवलंत. "हात ठेव," म्हणालात, आणि त्या चारही दिवशी मारलं नाहीत. मला काही त्याचा आनंद झाला नाही. हात ओट्यावर असायचा आणि घाव येत नसायचा, त्यामुळं मी दात आवळून बसलेली असायची, तुम्ही दोऱ्यानं मनगट मोजत असायचात तरी. करंगळीपाशी आलात तेव्हा तुम्ही ती दोन बोटांत धरून उजेडाकडं वळवलीत. पटाशीच्या धारेची खाच पाहिली होतीत तितकाच वेळ पाहिलीत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. काही तरी बोलाल असं वाटलं. तुम्ही पेन्सिल कानावर खोचलीत आणि पुढच्या बोटाचं माप घेतलंत.

पांढऱ्या हलक्या लाकडाचे तीन हात केलेत. तिन्ही डावे, तिन्हींची करंगळी आत वळलेली. सामान सांभाळणाऱ्या जर्मन बाईनं ते हातात घेऊन कौतुक केलं, मग करंगळीवर बोट ठेवून काही तरी म्हणाली. केरळच्या माणसानं सांगितलं, "भाई, मॅडम बोल रही है, छोटी उँगली सीधी कर दो. पिक्चर की लड़की की सीधी है." तुम्ही म्हणालात, "जिसका हाथ है उसकी ऐसी है." त्यानं पुन्हा समजावलं, पाच मिनिटांचं काम आहे, जरा पटाशी चालवा. तुम्ही हात खाली ठेवलेत. "सीधी नहीं होगी." ज्यानं गलबताची बरगडी एका केसानंसुद्धा वाकडी राहू दिली नाही, त्या माणसाचं हे उत्तर. बाईनं खांदे उडवले.

मी शेजारीच उभी होते, तुम्ही मला काय सांगत होतात ते मला तिथल्या तिथं कळलं होतं. मी काही एवढी बावळट नव्हते. पण मला त्यानं बरं वाटलं नाही, मला संताप आला. मोडलंत माझं बोट आणि त्याची कबुली देताय लाकडापाशी! जर्मन बाईपाशी! घर पन्नास पावलांवर होतं, तिथं नेऊन मला दोन शब्द सांगायचे होतेत. त्या रात्रीपासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण आपण तसेही कधी बोलत नव्हतो.

घाव घालायचा दिवस शेवटचा होता. त्यांचा नट उंच, देखणा, आणि कुऱ्हाड अशी धरायचा जशी आपण माशा हाकलायला वर्तमानपत्र धरतो. गोदीतली माणसं तोंडात पटका धरून हसायला लागली. अर्बाबही हसला, म्हणाला, "यल्ला, चला, ह्याला सुतार द्या." डायरेक्टरला ते पटलं. नटाचा कोट आणि टोपी तुमच्या अंगावर चढली, पाठीमागून कोण ओळखणार. पिक्चरमधल्या मुलीच्या आईनं मुलीला कुऱ्हाडीजवळ बसू द्यायला साफ नकार दिला. शहाणी बाई. मग तिचा झगा मला घातला. बाही लांब होती. माझा खरा हात बाहीच्या आत मागं ओढून पोटाशी घ्यायचा, आणि बाहीच्या तोंडाशी लाकडाचा हात ओंडक्यावर ठेवायचा. काठी मारून दोनदा करून पाहिलं. त्यांची कुऱ्हाड बोथट होती, लाकडावरून उडायची. तुम्ही घरी जाऊन स्वतःची आणलीत. केरळचा माणूस नको नको म्हणत होता. डायरेक्टरनं धारेला अंगठा लावून पाहिला आणि मान डोलावली.

पहिला घाव बरोबर बसला. लाकडाचा हात मनगटापाशी असा तुटला की गोदीतल्यांनी हातातली कामं टाकली. मी तोंड फिरवून बसले होते तरी मला ते ओंडक्यातून गुडघ्यांत कळलं. मला वाटलं, झालं. पण डायरेक्टरला दुसरा लाकडी हात लावून आणखी एकदा हवं होतं, या वेळी कॅमेरा बाजूनं, बाप काही तरी बोलतोय असं. केरळचा माणूस म्हणाला, "कुछ भी बोलो भाई, अपनी भाषा में. बाद में जर्मन डाल देंगे." तुम्ही डाव्या हातानं माझी बाही मनगटापाशी दाबून धरलीत. तुमच्या अंगाला घामाचा आणि लोकरीचा वास येत होता. त्यांनी खूण केली, आणि तुम्हाला बोलायला दुसरं काय सुचणार होतं?

"हात ठेव."

मला इतकंच आठवतं की कुऱ्हाड वर गेली तेव्हा माझ्या बोटांना लाकडी मनगटाचा करवतीनं कापलेला खरखरीत शेवट लागत होता. म्हणजे माझा हात पोटाशी नव्हता. मग तुमच्या डाव्या हातानं मला बाहीसकट मागं इतक्या जोरात ढकललं की मी वाळूत उताणी पडले, आणि ठक् आवाज झाला, पण ओला. मान उचलून पाहिलं तर ओंडक्यावर लाकडाचा हात तसाच अख्खा होता, लालभडक, आणि त्याच्या शेजारी तुमचा अंगठा. तर्जनीही निम्मी. जर्मन बाई किंचाळत होती. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कोटाच्या बाहीनं हात गुंडाळलात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणालात, "डंडा निकल गया. मेरी गलती."

अर्बाबनं कुऱ्हाड उचलली. तिचा दांडा तुम्ही स्वतः बसवलेला, तुमचा बसवलेला दांडा निसटला असं त्या गोदीत कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं तो धरून हलवून पाहिला. घट्ट होता. अर्बाबनं एकदा माझ्याकडं पाहिलं, माझी बाही पाहिली, आणि कुऱ्हाड खाडीत भिरकावून दिली. "खलास," म्हणाला. तुम्हीच एकदा मला वहीत लिहायला लावलं होतंत, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी 'गोत्यात काळ' लिहिलं होतं आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. जीपमध्ये तुमच्या मांडीवर रक्ताचं बोचकं आणि शेजारी मी, तेव्हा मला ती म्हण आठवत होती आणि कुठला शब्द बरोबर तेच आठवत नव्हतं. दवाखान्यात तोच डॉक्टर होता. "कैसे हुआ?" या वेळी माझ्या आधी तुम्ही बोललात.

अंगठा नसलेल्या माणसाला पटाशी धरता येत नाही. दोन महिन्यांनी आपण इब्रीला गेलो, अम्मीच्या भावाच्या कापडाच्या दुकानात. जे हात गलबताची बरगडी नजरेनं वाकवायचे ते बायकांना पडद्याचं कापड मोजून द्यायला लागले, आणि कापड तुमच्या बोटांतून सुटायचं. तुम्ही वही तपासणं बंद केलंत. पट्टी कुठं गेली मला माहीत नाही. पुन्हा "हात ठेव" म्हणाला नाहीत. मारलंत मात्र एकदा. कशावरून तरी भांडताना मी तुम्हाला थोटा म्हणाले होते, मामूंच्या देखत. तुम्ही उजव्या हातानं माझ्या कानाखाली अशी दिलीत की मी कापडाच्या ठाणांवर जाऊन पडले. मला बरं वाटलं. खरंच सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तुम्ही माझ्याशी इतके सांभाळून वागत होतात की मला गुदमरायला व्हायचं. मग तुम्ही गेलात, दुपारी, दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. कफन करताना मामूंनी तुमचे हात छातीशी घेतले तेव्हा डावा नीट राहीना, सारखा खाली सरकायचा.

जर्मन बाईनं जाताना तिसरा लाकडी हात मला दिला होता, न वापरलेला. तो लग्नानंतर इब्रीहून रुवीला माझ्याबरोबर आला. माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं आहे, म्हणजे जवळजवळ सगळं. त्याला सांगितलं की तुम्ही ते दोन शब्द बोललात आणि सवयीनं माझा हात बाहीतून पुढं गेला. इतकी वर्षं ऐकलेले शब्द, शरीरानं हुकूम पाळला, माझा काय दोष. तो म्हणाला, बिचारी. मी बिचारी होऊन घेतलं. इतक्यांदा तसं सांगितलं, मनात सांगितलं, की मला स्वतःलाही तेच आठवायला लागलं.

तर त्या शुक्रवारी. मी पिक्चर मागं नेऊन पुन्हा लावत होते आणि लेक कंटाळून उठली. फळीवरचा लाकडी हात काढला, स्टूल हा ओंडका, पावाची सुरी ही कुऱ्हाड, आणि खेळायला लागली. मी पाहीपर्यंत करंगळी तुटली होती, नेमकी वळणावर. अब्बा, माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी तिला दंडाला धरून फरफटत स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावरचं लाटणं उचललं, आणि माझ्या तोंडून तुमच्या आवाजात निघालं, "हात ठेव." तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला मराठी अडखळत येते, आणि हे दोन शब्द तर या घरात तिनं कधी ऐकलेच नव्हते. कुठं ठेवायचा, ते मी सांगितलं नव्हतं. माझा डावा हात ओट्यावर टेकलेला होता. तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला, आणि चुकलं तर नाही ना म्हणून विचारलं, "असा?" मी लाटणं खाली ठेवलं. त्यालाही बराच वेळ लागला, तुम्हाला खोटं कशाला सांगू. तुटलेली करंगळी अजून ओट्यावर आहे, मला ती चिकटवायला सुचलेलं नाही.

ती झोपायला गेल्यावर मी पिक्चर पुन्हा लावला. त्यांनी दोन्ही घाव जोडलेत. तुम्ही बोलताय ते दुसऱ्या वेळचं आहे, कॅमेरा बाजूनं, तुमचे ओठ हलतात आणि वर कुणा जर्मनाचा जाड आवाज येतो. मग कुऱ्हाड वर जाते तिथं कापून पहिल्या वेळचा स्वच्छ घाव लावलाय. त्यामुळं तुम्ही काय पाहिलंत ते दिसत नाही, टोपीखाली तुमचे डोळे नाहीतच. माझी बाही मात्र दिसते. मी थांबवून थांबवून पाहिली. तुमचे ओठ मिटतात. बाही रिकामीच आहे. मग काही क्षण काहीच होत नाही, आणि मग खांद्यापासून ती हळूहळू भरत जाते, कोपर, मग मनगट, थांबते, आणि आणखी थोडी पुढं येते, तुम्ही बाही दाबून धरली होतीत तिथपर्यंत.

सवयीनं गेलेला हात असा जात नाही. ओट्यावर तुम्ही म्हणालात की माझा हात त्याच श्वासात पडायचा, थांबला तर तुम्ही जास्त मारायचात. हा हात थांबून, ठरवून गेलेला आहे. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर तुमच्या हातून तो तुटावा आणि मग माझ्या करंगळीचंही तुम्हाला कुणाला तरी सांगावं लागावं, असं तिला वाटत होतं, त्या तेरा वर्षांच्या मुलीला. म्हणजे मला.

शेवटी पिक्चरमध्ये मुलीला हात परत मिळतो, सोन्यासारखा चकाकतो, बाप रडतो, सगळे जेवायला बसतात. ते मी पुढं ढकललं.

हे पत्र मी तुमच्या त्या जुन्या पाठ्यपुस्तकात ठेवणार आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात, दांडा निसटला नव्हता. आणि अब्बा, माझा हातही निसटला नव्हता. मी तो ठेवला होता.